आपला पास आणि त्यांचा पास

गेल्या गणपतीतली गोष्ट. आमच्या शहरातल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. आरती झाली, मोदक झाले, मंडळी खुर्च्यांवर स्थिरावली. आता सगळीकडे रिवाज झाला आहे त्याप्रमाणे सूत्रसंचालिकेने सुरुवातीला भूमिस्मरणाचा इंग्रजी परिच्छेद वाचून दाखवला. आपण बसलो आहोत ती जमीन कोणकोणत्या आदिवासी राष्ट्रांची परंपरागत भूमी आहे, त्यांचे आपण कसे ऋणी आहोत, वगैरे. दोन नावांवर ती अडखळली, हसली आणि पुढे गेली. आम्हीही हसलो. त्यानंतर अर्ध्या तासाने एका मित्राच्या उन्हाळी सफरीचा स्लाइड शो झाला. कॅलगरी ते जॅस्पर, गाडीने, वाटेत डोंगरातली पायपीट. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘मानवाचा स्पर्श न झालेला निसर्ग’. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी परतताना लक्षात आले की एकाच स्टेजवरून, एकाच संध्याकाळी आपण दोन परस्परविरोधी विधाने केली आणि दोन्हींना मान डोलावली. जमीन कुणाची तरी होती हेही खरे, आणि तिला कुणाचा स्पर्शच झाला नव्हता हेही खरे! प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष आणून दिला असता तर मी तो कागद परत केला असता.

हा लेख त्या स्लाइडविरुद्ध आहे. स्लाइड करणारा माझा जुना मित्र आहे, आणि त्याच अर्थाचा एक लांबलचक ईमेल २०१८ साली मी स्वतः पुण्याच्या मित्रांना पाठवला होता. तेव्हा हा लेख माझ्याविरुद्धही आहे.

वाट कुणाला विचारायची?

त्या वर्षी जुलैत आम्ही दोन कुटुंबे टोरांटोहून कॅलगरीला गेलो आणि दोन गाड्या भाड्याने घेतल्या. बॅन्फ, लेक लुईस, तिथून आइसफील्ड्स पार्कवेने जॅस्पर. मी पुण्यात कॉलेजात असताना सह्याद्री भरपूर तुडवलेला माणूस. त्यामुळे विल्कॉक्स खिंडीची चढण असो की लेक लुईसच्या वरची सहा हिमनद्यांची वाट, मी तुलना करत होतो. इथले डोंगर उंच, वाटा आखीव, पाट्या स्वच्छ. एक गोष्ट मात्र चुकल्यासारखी वाटत होती आणि ती काय ते कळत नव्हते.

ती दुसऱ्या दिवशी कळली. सह्याद्रीत आपण वाट विचारतो. ‘मामा, राजमाचीची वाट हीच का?’ ‘मावशी, पाणी मिळेल का?’ हरिश्चंद्रगडाला जाताना महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात, गुराखी पोरे भेटतात, कुणाच्या तरी ओसरीवर आपण पिठलं-भाकरी खातो. सह्याद्रीतला कुठलाही ट्रेक माणसांमधून जातो. रॉकीजमध्ये वाट विचारायला कुणी नव्हते. होते ते सगळे आपल्यासारखेच प्रवासी, पाठीवर रंगीत सॅक घेतलेले. तेव्हा मी याला कॅनडाच्या विरळ लोकसंख्येचे लक्षण मानले आणि ईमेलमध्ये ‘अस्पर्श’ हा शब्द वापरला.

खरे म्हणजे उत्तर आदल्या दिवशीच भेटून गेले होते. कॅलगरीहून बॅन्फकडे जाणारा हायवे अर्ध्या वाटेवर स्टोनी नाकोडा लोकांच्या रिझर्व्हमधून जातो. तिथे आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. मागच्या गाडीतल्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, ‘गाडी लॉक कर रे, हा इंडियन रिझर्व्ह आहे.’ आम्ही स्वतः इंडियन, हा विनोद तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. मी रिमोटचे बटण दोनदा दाबले. आरशाला पार्कचा पास लटकत होता. त्याचे अधिकृत नाव ‘डिस्कव्हरी पास’, म्हणजे शोधाचा परवाना.

पारध्यांच्या पालाजवळून एसटी जाताना माझी आजी पिशवी मांडीवर ओढून घ्यायची. मी तिच्यावर चिडायचो. मोर्लीच्या पेट्रोल पंपावर माझ्या अंगठ्याने तेच केले.

डोंगर रिकामे कसे झाले

बॅन्फच्या परिसरात माणसाच्या वस्तीच्या दहा हजार वर्षांहून जुन्या खुणा सापडल्या आहेत. स्टोनी लोक स्वतःला ‘ईयार्हे नाकोडा’ म्हणवतात, म्हणजे डोंगरातले नाकोडा. १८७७ साली त्यांनी, सिक्सिका, काइनाई, पिकानी आणि त्सूटिना राष्ट्रांबरोबर, ब्रिटिश राजसत्तेशी सातवा करार केला. त्यात करारातल्या प्रदेशावर शिकारीचा हक्क, सरकारी नियमांच्या अधीन राहून, त्यांच्याकडे ठेवल्याचा शब्द होता. त्या ‘नियमांच्या अधीन’ शब्दांनीच पुढे घात केला.

१८८३ साली रेल्वेच्या कामगारांनी बॅन्फचे गरम पाण्याचे झरे ‘शोधून काढले’. स्टोनींना ते आधीपासून ठाऊक होते. १८८५ साली सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखीव केली आणि १८८७ साली कायदा करून रॉकी माउंटन्स पार्क जाहीर केले. कॅनडातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. पार्कच्या पहिल्या अधीक्षकाने त्याच सुमारास सरकारला कळवले की इंडियनांना पार्कबाहेर ठेवणे जरूर आहे. ते शिकार संपवतात, झाडांची नासधूस करतात, असा त्याचा आक्षेप होता. पुढच्या काही वर्षांत शिकारबंदी आणि पहारेकरी आले.

इथे एक बारकावा नोंदवायला हवा. त्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात ‘अस्पर्श निसर्ग’ वगैरे काही नव्हते. पार्कात कोळशाची खाण चालत होती, रेल्वे कंपनीने १८८८ साली भलेमोठे हॉटेल उघडले. हेतू सरळ व्यवहारी होते. हौशी शिकाऱ्यांसाठी प्राणी राखायचे, प्रवासी आणायचे आणि शिकारीवर जगणाऱ्यांना नांगराला जुंपून ‘सुधारायचे’. ‘अस्पर्श’ हे काव्य नंतर आले. आधी माणसे हटवली, मग ती जागा किती निर्जन आहे याचे कौतुक सुरू झाले.

एकीकडे हटवले आणि दुसरीकडे पाहुण्यांच्या करमणुकीला बोलावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७८ पर्यंत बॅन्फमध्ये ‘इंडियन डेज’ भरत. पिसांचे टोप घालून घोड्यांची मिरवणूक, तंबू, शर्यती. त्या काही दिवसांपुरते स्टोनी लोक आपल्याच खोऱ्यात हवेहवेसे पाहुणे असत.

आणि आता पासची गोष्ट. १८८५ च्या उठावानंतर पश्चिम कॅनडात एक पद्धत सुरू झाली. रिझर्व्हबाहेर पडायचे तर सरकारी एजंटकडून चिठ्ठी घ्यायची. कुठे चाललात, कशासाठी, कधी परतणार. या पद्धतीला संसदेच्या कायद्याचा आधार कधीच नव्हता, आणि अधिकाऱ्यांना ते माहीत होते. तरी ती काही दशके चालली. आम्ही आरशाला लटकवला होता तो आत जाण्याचा पास. त्यांना हवा होता तो बाहेर पडण्याचा.

मित्रहो, हे आपल्याला परके वाटायला नको. ब्रिटिशांनी १८७१ साली भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर नेला. हजेरी, नोंदणी, गावाबाहेर जायला परवाना. सोलापूरच्या काटेरी तारेतल्या सेटलमेंटबद्दल आपण वाचले आहे. हा कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आपल्यापैकी अनेकांच्या इथल्या घरांतल्या कपाटात आहेत. ती पुस्तके वाचून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनीच मोर्लीला गाडीचे दार लॉक केले. पुरोगामीपणाला भूगोलाची अट असते की काय?

जॅस्परचे मोबर्ली

बॅन्फ जुने झाले म्हणाल तर जॅस्पर घ्या. १९०७ साली जॅस्पर पार्क जाहीर झाले तेव्हा अथाबास्काच्या खोऱ्यात मेटी कुटुंबे राहत होती. फर व्यापारातले युरोपीय आणि आदिवासी यांचे हे वंशज. मोबर्ली, जोआकिम, फिन्डले. त्यांची घरे होती, गवताची कुरणे, घोडे, भाजीपाल्याचे वाफे. १९१० साली त्यांना जायला सांगितले. घरांची आणि कुंपणांची भरपाई मिळाली, जमिनीची नाही, कारण जमिनीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. यूअन मोबर्ली आपले कुटुंब आणि जनावरे घेऊन उत्तरेला ग्रँड कॅशकडे गेला. त्याच्या लाकडी घराचे अवशेष आजही जॅस्परच्या पूर्वेला उभे आहेत. लुईस स्विफ्ट नावाचा अमेरिकन वसाहतकार मात्र राहिला. त्याला कागद मिळाला.

कागद! सातबारा नसलेल्या माणसाला त्याच्याच शेतात अतिक्रमण करणारा ठरवायची ही युक्ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही आदिवासी कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. १८७८ चा भारतीय वनकायदा आणि १८८७ चा बॅन्फचा कायदा यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. राणी एकच होती.

नावांचेही तसेच. लेक लुईस हे नाव त्याच राणीच्या मुलीचे. १८८२ साली टॉम विल्सन या रेल्वेच्या माणसाने ते तळे ‘शोधले’ असे पाट्या सांगत आल्या. त्याला तिथवर नेणारा स्टोनी वाटाड्या होता आणि त्याच्या भाषेत तळ्याला छोट्या माशांचे तळे म्हणत. जॅस्परजवळच्या मलीन तळ्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९०८ साली फिलाडेल्फियाची मेरी शेफर तिथे पोचली आणि तळ्याच्या ‘शोधाचे’ श्रेय तिच्या नावावर लागले. तिच्या खिशात नकाशा होता. तो सॅमसन बीव्हर या स्टोनी माणसाने आठवणीतून काढून दिला होता. लहानपणी तो वडिलांबरोबर तिथे गेला होता. त्यांच्याकडे तळ्याचे नाव चाबा इम्ने, बीव्हरचे तळे. शेफरबाईंनी हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, सॅमसन, त्याची बायको आणि छोटी मुलगी यांचा सुंदर फोटोही काढला. विसरलो ते आपण, नंतरचे प्रवासी. पोराने बापाबरोबर पाहिलेली आणि वर्षानुवर्षे डोक्यात जपलेली जागा, आणि आपण तिला अस्पर्श म्हणतो.

आपली गाडी ज्या रस्त्यावरून जाते

बॅन्फहून लेक लुईसला जाणारा जुना रस्ता, बो व्हॅली पार्कवे, अतिशय रम्य आहे. आम्ही मुद्दाम त्या रस्त्याने गेलो, अस्वल दिसेल म्हणून. वाटेत कॅसल माउंटनच्या पायथ्याशी एक पुतळा आहे. आम्ही तिथे गाडी हळू केली, अस्वल नाही असे पाहून पुढे निघालो. तो पुतळा आहे कैद्याचा. पहिल्या महायुद्धात कॅनडाने ‘शत्रू परके’ ठरवून ८,५७९ माणसांना छावण्यांत डांबले. बहुतेक युक्रेनियन, ऑस्ट्रो-हंगेरीचे कागद असलेले गरीब स्थलांतरित. त्यातली एक छावणी इथे होती, १९१५ ते १९१७. उन्हाळ्यात तंबूत, हिवाळ्यात बॅन्फच्या झऱ्यांपाशी. हा रस्ता बांधायला ते कैदी राबले. १९९५ साली बसवलेल्या त्या पुतळ्याखाली एकच प्रश्न आहे: ‘का?’ आइसफील्ड्स पार्कवे १९३० च्या दशकातल्या मंदीतल्या बेकारांनी बांधला. दुसऱ्या महायुद्धात जॅस्परच्या पश्चिमेचा रस्ता बांधायला घरादारातून उपटलेले जपानी कॅनेडियन पुरुष आणले गेले.

ही माणसे आपल्यापेक्षा फार निराळी नव्हती. १९१४ साली कोमागाता मारू जहाजातले ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले आणि बहुतेकांना परत पाठवले गेले. १९०८ चा ‘अखंड प्रवासा’चा नियम आपल्याच लोकांना रोखायला केलेला होता. १९६७ साली गुणांची पद्धत आली नसती तर आपल्या पदव्या आपल्याला पिअर्सन विमानतळावर उतरवू शकल्या नसत्या. जॅस्परहून मोबर्ली हटवले गेले आणि कोमागाता मारू परत पाठवले गेले, यांत फक्त चार वर्षांचे अंतर आहे. कोण कुठे राहू शकतो हे एकाच टेबलावर ठरत होते.

‘पण माणसे असती तर जंगल उरले असते का?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि सुशिक्षित मंडळींकडूनच येतो. त्याला भावनेने नव्हे, पुराव्याने उत्तर देऊ.

१९१५ साली ब्रिजलँड नावाच्या सर्वेक्षकाने जॅस्परमधल्या शिखरांवरून सातशेहून अधिक फोटो काढले, नकाशा करण्यासाठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच शिखरांवर चढून, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढले. जोड्या शेजारी ठेवल्या की फरक कुणालाही दिसतो. जुन्या फोटोंत कुरणे, मोकळे उतार, तुरळक झाडी, वेगवेगळ्या वयाची जंगले. नव्या फोटोंत दऱ्या दाट सूचिपर्णी झाडांनी भरलेल्या, सगळी साधारण सारखी. मधल्या काळात पार्कने प्रत्येक वणवा विझवला, आणि छोट्या छोट्या आगी लावून कुरणे राखणारी माणसे बाहेर काढली होती. म्हणजे आपण ज्याला आदिम अरण्य समजून फोटो काढतो ते काही प्रमाणात विसाव्या शतकातल्या सरकारी धोरणाचे पीक आहे.

२०२४ च्या जुलैत जॅस्पर पेटले. सुमारे २५,००० लोकांना रातोरात बाहेर काढावे लागले. गावातल्या साडेतीनशेहून अधिक इमारती, साधारण एक तृतीयांश गाव, जळाल्या. ज्या गल्लीत आम्ही मुलांना आइस्क्रीम दिले होते ती टीव्हीवर धुरात दिसत होती. कारण एकच नव्हते, हे मी वैज्ञानिक म्हणून आधीच सांगतो. कडक उन्हाळा, अवर्षण, तापमानवाढ, पाइनच्या भुंगेऱ्यांनी मारलेली झाडे, हे सगळे होते. पण शंभर वर्षे साचलेले जळणही होते. आता कॅनडाचे उद्यान खाते स्वतःच योजून आगी लावते आणि आदिवासींच्या जुन्या पद्धतींकडे सल्ल्यासाठी वळते. ज्यांना नासधूस करणारे म्हणून हाकलले, त्यांचेच ज्ञान आता हवे आहे.

माणसाचा प्रत्येक स्पर्श चांगला असतो असे मी म्हणत नाही. अथाबास्का हिमनदीच्या वाटेवर ती कुठल्या साली कुठपर्यंत होती हे सांगणाऱ्या पाट्या रोवलेल्या आहेत. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली. तोही माणसाचाच स्पर्श, आपल्या विमानांचा आणि आपल्या सात आसनी गाड्यांचा. गंमत अशी की डोंगरात राहणारे बाहेर काढले गेले आणि डोंगर वितळवणारे पास घेऊन आत येतात.

‘आम्ही काय केले? आम्ही तर परवा आलो’

हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे, आपण कुणाला हाकलले नाही. पण हाच युक्तिवाद पुण्या-मुंबईतला एखादा सवर्ण तरुण जातीबद्दल करतो तेव्हा आपण त्याला काय सांगतो? की बाबा रे, तू केले नाहीस, पण तुझ्या वाट्याला आलेले त्यातूनच आले आहे. तेवढे ओळख. मला अपराधी वाटून घ्यायचा कार्यक्रम नको आहे. अपराधीपणाच्या चार ओळी तर स्टेजवरून वाचल्याच जातात, आणि त्याने कुणाचे काही बिघडत नाही. मला हिशेब हवा आहे.

आणि हा हिशेब फक्त कॅनडाचा नाही. माझी खरी भीती ही आहे की रिकाम्या डोंगराची ही कल्पना आपण सामानात बांधून घरी नेतो. सुट्टीत ताडोब्याला जातो, आणि जीपमधून एखादे गाव दिसले की म्हणतो, ‘ही माणसे इथे कशाला? बॅन्फ बघा कसे ठेवलेय!’ हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या चुलत भावाला ऐकवलेले आहे. ताडोबा, महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. त्याचे नाव ज्याच्यावरून पडले तो तारू, गोंडांच्या कथेप्रमाणे, वाघाशी झुंजत मेलेला गावप्रमुख. तळ्याकाठी त्याचे देऊळ आहे. देव गोंडांचा, नाव गोंडांचे, आणि बोटेझरी, नवेगावसारखी गावे मात्र उठून बाहेर गेली. काही लोक पॅकेज घेऊन राजीखुशीने गेले असतील, काही नाइलाजाने. वाघ आणि माणूस यांचा संघर्ष चंद्रपुरात खरा आहे, तो मी नाकारत नाही. मी नाकारतो ते एवढेच, की तिथल्या माणसाला न विचारता तो सुटेल असे म्हणणे.

आपल्या मताला आणि डॉलरना तिथे वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा मान्य केले की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. त्याला काही वन्यजीव संघटनांनी कोर्टात आव्हान दिले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. दहा लाखांहून अधिक दाव्यांचा तो प्रश्न होता. देशभर ओरड झाली आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत आमच्या ग्रुपवर रॉकीजचे जुने फोटो फिरत होते आणि खाली कुणीतरी लिहिले होते, ‘असा निसर्ग हवा असेल तर कठोर व्हावे लागते.’ चार अंगठे वर. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज हे या लेखाचे एक कारण आहे.

दुसरी वाट आहे

कठोर न होताही जंगल राखता येते, याचे दाखले कॅनडातच आहेत. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडच्या हायडा ग्वाई बेटांवर १९८५ साली हायडा लोकांनी लाकूडतोडीचा रस्ता अडवला, म्हातारी माणसे रस्त्यावर बसली, अटका झाल्या. १९९३ च्या करारानंतर तिथले ग्वाई हानास उद्यान हायडा राष्ट्र आणि कॅनडा सरकार यांचे मंडळ बरोबरीने चालवते. युरोपात उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक: स्वीडनमधला लापोनिया हा प्रदेश १९९६ साली जागतिक वारसा झाला, तो डोंगरांसाठी आणि रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या जगण्यासाठीही. त्याच्या व्यवस्थापन मंडळात सामींचे बहुमत आहे.

आणि आपले मेंढा-लेखा. गडचिरोली जिल्ह्यातले छोटे गोंड गाव. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. पण त्यांनी बांबू विकायला काढला तेव्हा वनखाते वाहतुकीचा पास देईना. पासशिवाय बांबू गावाबाहेर जाईना! दोन वर्षे झगडल्यावर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात गेले आणि पासचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. आता पास गाव देते.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात रॉकीजला जरूर जा. मीही जाणार आहे. फक्त काही गोष्टी करा. कॅसल माउंटनच्या पुतळ्यापाशी गाडी हळू करू नका, थांबवा. बॅन्फच्या झऱ्यांपाशी त्या छावणीचे प्रदर्शन आहे, ते मुलांबरोबर पाहा. जॅस्परला मोबर्लींच्या घरापर्यंत जा. एखादा दिवस आदिवासी वाटाड्याबरोबर चाला आणि त्याला त्याची फी द्या. तळ्यांची जुनी नावे मुलांना शिकवा. आपण त्यांना शिवनेरी, हरिश्चंद्रगड शिकवतोच की. आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या वन्यजीव संस्थेला चेक लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: वनहक्क कायद्याबद्दल तुमची भूमिका काय? उत्तर आल्यावरच सही करा.

स्लाइड करणाऱ्या मित्राला हा लेख आधी पाठवला होता. त्याने दोन दिवस काही कळवले नाही. मग फोन आला, ‘अरे, पुढच्या वर्षी चाबा इम्नेला बरोबर जाऊ या. आणि मोर्लीला पेट्रोल मी भरीन.’

मी म्हटले, भर. पण खाली उतरून, आत जाऊन, चहा पिऊ या.

कळावे, लोभ असावा.

आपला एक सहप्रवासी